मिठाच्या पाण्यातला हात

"तू लांब हो," आई म्हणाल्या. "ओट्याला हात लावू नकोस. तिकडे स्टुलावर बस आणि लसूण सोल."

"आई, नुसतं अंडं तर सोडायचंय."

"ते मला सोडता येतं."

सासूबाईंनी कच्चं अंडं पातेल्यातल्या मिठाच्या पाण्यात सोडलं. ते बुडालं, डुललं, वर आलं आणि रुपयाएवढं डोकं बाहेर काढून तरंगत राहिलं. "पुरे झालं मीठ," त्या म्हणाल्या. मग पातेल्याला बाहेरून तळहात लावला, थांबल्या, उलटा हात लावला, पुन्हा थांबल्या.

"गार झालंय की," मी म्हटलं. "सकाळीच उकळलंत."

"तुझ्यापुरतं गार. मध्यात कोमट असतं ते." आणि पातेलं उचलून त्यांनी सरळ फ्रिजमध्ये ठेवलं, मटणाच्या शेजारी. "पाणी आणि मटण, दोघं सारखी थंड झाली की मगच त्यांची गाठ घालायची. घाई करायची असेल तर दुकानातून सॉसेज आणा."

नाताळ जवळ आला होता. वसईत आमच्या गावात घरोघरी मैद्याचे फुगे तळायची, चिकट रव्याच्या वड्या थापायची गडबड असते, पण आईंच्या हातचं खारं मटण खायला माणसं लांबून यायची. डुकराच्या मांडीचा मोठा तुकडा, मिठाच्या पाण्यात मुरवलेला. मग गोड्या पाण्यात भिजवून मीठ उतरवायचं, मंद आचेवर मिरी-व्हिनेगरमध्ये शिजवायचं आणि गार झाल्यावर पातळ काप काढायचे. लग्नानंतरचा तो माझा पहिला नाताळ. माझा नवरा अन्सेल्म जहाजावर होता, सणाला पोचणार होता. आणि मला चौथा महिना लागत होता.

फ्रिजचा खालचा कप्पा आईंनी पार रिकामा केला होता. माझी चॉकलेटं, अन्सेल्मसाठी ठेवलेलं चीज, सगळं वर. खाली फक्त चिनी मातीची बरणी. "धातूचं भांडं नको, मीठ त्याला खातं. बरणी उकळत्या पाण्याने धुवायची. वर बशी, बशीवर वजन. मटणाचा कोपरा जरी पाण्याबाहेर राहिला ना, तिथून नासायला सुरुवात." हे त्या मला सांगत होत्या की बरणीला, कळत नव्हतं. रोज कोपरापर्यंत हात साबणाने घासून तो आत घालायचा, तुकडा उलटायचा. चमच्याने नाही, चिमट्याने नाही. "बोटांना कळतं. घट्ट लागलं पाहिजे. बुळबुळीत लागलं की जीव न लावता फेकून द्यायचं."

सगळं शिकवत होत्या. फक्त हात घालू देत नव्हत्या.

"या घरात पोटुशी बाई या पाण्यात हात घालत नाही," एवढंच.

"का पण?"

"नाही घालत."

"नासतं म्हणून," मागच्या दारातून आवाज आला. जाकिनकाकी. आईंची चुलत जाऊ, कुंपणापलीकडे राहणारी. आमच्या घरात ती कधी पुढच्या दाराने आली नाही आणि कधी विचारूनही आली नाही. "दोन जिवांच्या बाईचा हात गरम असतो. लागला की मटण गेलंच. हो की नाही गं मातील?"

आईंनी धुतलेली बरणी फडक्यावर पालथी घातली.

"आणि रंग कसा येणार तुझ्या मटणाला? सोरा घातलास का?"

"सोरा नाही घालत मी. चिमूट जास्त पडली तर विष होतं."

"म्हणून फिकट दिसतं. आजारी माणसासारखं."

"मग नको खाऊस."

"वा! खाणार तर!" काकी माझ्याकडे वळली. "प्रिस्का, तुला सांगितलं का हिने? माझ्या लग्नात या लोकांनी पाहुण्यांना डाळभात वाढला. डाळभात! नवऱ्याकडचं लग्न आणि ताटात मटणाचा तुकडा नाही. माझी माणसं अजून हसतात. तेव्हापासून दर नाताळला वसूल करते मी."

मी हसले. आईंनी पाण्याचा नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच बरणी पुन्हा धुवायला घेतली.

बरणी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी तपासणी होती. आई यायला निघाल्या होत्या, मीच नको म्हटलं. फुग्यांचं पीठ भिजवलेलं होतं, ते टाकून कुठे यायचं? रिक्षाने एकटी गेले.

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. थांबवलं. थोडं बाजूला नेऊन पुन्हा फिरवलं. मागच्या वेळी त्यांनी मला ठोक्यांचा आवाज ऐकवला होता, धावत्या घोड्यासारखा. मी म्हटलं, "आवाज लावा ना." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"घरचं कुणी बरोबर आलंय?"

"नाही."

मग त्यांनी सांगितलं. हळू बोलल्या, सोपं बोलल्या. ठोके नाहीत. काही दिवस झाले असावेत. तुझी काही चूक नाही, खाण्याची नाही, चालण्याची नाही, कशाचीच नाही. उद्या सकाळी दाखल व्हायचं. "आज घरी सांग. उद्या एकटी येऊ नकोस."

रिक्षात मी तेच घोकत आले. आई, ठोके नाहीत. आई, डॉक्टर म्हणाल्या. आई, ऐका ना. फाटकाशी पोचले तेव्हा वाक्य तयार होतं.

अंगणातल्या दोरीवर पांढरा झगा वाळत होता. वीतभर बाह्यांचा, गळ्याला लेस लावलेला.

"बघितलास?" आई हात पुसत बाहेर आल्या. "अन्सेल्मच्या बाप्तिस्म्याचा. कपाटात पिवळा पडत होता. म्हटलं आत्ताच धुऊन ऊन दाखवावं, मग ऐन वेळी पावसाळा असणार. काय म्हणाली डॉक्टरीण?"

"उद्या परत बोलावलंय."

"एवढंच? वजन वाढलं का?"

"नाही."

"खात नाहीस तर कसं वाढणार! चल, ताट वाढते."

मी जेवले. खरंच जेवले, कारण त्या समोर बसल्या होत्या. डाळीत बोट बुडवून मीठ बघत होत्या, बाळ पावसाळ्यात आलं की लंगोट वाळणार कसे, याची काळजी करत होत्या. मी घास गिळला की वाक्यही गिळलं जायचं.

जेवण होतंय तोच अन्सेल्मचा फोन आला. आईंनी तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला आणि अर्ध्या घराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "बोल रे!"

"आई, मटण टाकलंस का?"

"टाकलं. तू ये म्हणजे झालं."

"आणि बाळ कसंय?"

"झकास आहे! आईला त्रास देतंय. आजच दाखवून आली. घे, बोल तिच्याशी."

फोन माझ्या हातात आला. त्याच्या मागे वारा घोंघावत होता. "प्रिस्का? काय म्हणाल्या गं?"

"लवकर ये," मी म्हटलं.

"येतोय की. पण काय म्ह—" आणि लाइन तुटली. आई म्हणाल्या, समुद्रात असंच असतं.

दुपारी त्या नारळ खवायला विळीवर बसल्या आणि बोट कापून घेतलं. खोल गेलं होतं. मी हळद दाबली, पट्टी बांधली. त्यांना बोटापेक्षा बरणीचीच पडली होती.

"आज मटण उलटायचं राहिलंय. असल्या हाताने नाही चालायचं. जखमेचा हात त्यात घालायचा नाही, मटणालाही वाईट आणि हातालाही." त्या बोट उभं धरून परसात निघाल्या. "मी झगा आत घेते. तू जाकिनला हाक मार. म्हणावं, हात नीट घासून ये."

मी कुंपणाकडे जायला निघाले आणि स्वयंपाकघरात थांबले. बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या. कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. फ्रिज उघडला, खाली बसले, वजन काढलं, बशी काढली.

पाणी इतकं थंड होतं की आधी ते भाजल्यासारखं वाटलं. हात आत गेला, मनगट गेलं, अर्धा हात गेला. तळाशी तो तुकडा हाताला लागला. घट्ट. चांगला. आई सांगायच्या तसाच. तो उलटा करून झाला तरी मी हात बाहेर काढला नाही. त्या थंड पाण्यात माझी बोटं बधिर होत गेली आणि मला बरं वाटलं. सकाळपासून तेवढंच एक बरं वाटलं होतं.

"अगं आई गं! मातील! ए मातील, धाव!"

जाकिनकाकी दारात उभी होती. हाक न मारताच आली होती.

"बघ तुझ्या सुनेने काय केलं! कोपरापर्यंत हात घातलाय गं आत!"

आई झगा खांद्यावर टाकून धावत आल्या. आईंना चिडलेलं मी पाहिलं होतं, पण हे तसं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

"काढ! काढ हात आधी! तुला सांगितलं होतं ना? कुणी सांगितलं तुला हे करायला? आता कुणी बघितलं तर..." आणि त्या थांबल्या, कारण बघणारं बघून चुकलं होतं.

"गेलं मटण," काकी म्हणाली. "नाताळ गेला तुमचा."

मी आईंकडे बघितलं. रिक्षात घोकलेलं वाक्य आठवेना.

"आई," मी म्हटलं, "आता चालतं."

काकी म्हणाली, "काय चालतं? कसं चालतं?"

आईंनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पोटाकडे. खांद्यावरचा झगा त्यांनी हळूच उतरवला आणि घडी न करता, दोन्ही हातांनी, छातीशी गोळा केला.

"जाकिन, घरी जा."

"अगं पण त्या मटणाचं..."

"घरी जा म्हटलं ना!"

ती गेल्यावर आईंनी माझा हात बरणीतून बाहेर काढला. माझा मला काढता येत नव्हता. बशी ठेवली, वजन ठेवलं, फ्रिज लावला. मग मला मागच्या पडवीत नेलं, पायरीवर बसवलं आणि तांब्यातांब्याने गोडं पाणी ओतून हातावरचं मीठ धुतलं. पट्टी भिजली, त्यांच्या बोटातून पुन्हा रक्त यायला लागलं, तरी त्या धूतच राहिल्या.

"कधी कळलं?"

"सकाळी."

"आणि दुपारभर माझी बडबड ऐकत बसलीस?"

मी मान हलवली. मग रडू आलं. त्यांनी मला कुशीत घेतलं नाही, तशी त्यांना सवय नव्हती. माझा ओला हात पदरात गुंडाळून मांडीवर धरून ठेवला.

माझं रडू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "नासत नाही. पोटुशीच्या हाताने काहीएक नासत नाही."

"मग मला का..."

"जाकिनच्या लग्नात डाळभात वाढला ना, त्या लग्नाचं मटण मी मुरवलं होतं. वैशाख होता. लाकडाचं मोठं पिंप, आणि माझ्या सासूबाईंनी पाणी कोमट असतानाच ओतायला लावलं. मी म्हटलं होतं, थांबूया. नवी सून मी, माझं कोण ऐकणार? दिवस गेलेले होते मला. अन्सेल्मच्या आधीचं. रोज वाकून त्या पिंपात हात घालायचे." त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. "लग्नाच्या आदल्या दिवशी झाकण काढलं तर वास. आणि त्याच सकाळी मला पोटात कळ आली. दोन्ही एकदम."

कुंपणापलीकडे काकी कुणाशी तरी बोलत होती. शब्द कळत नव्हते.

"माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता? सगळं घर पिंपाभोवती. कुणी म्हणे, हिच्या हाताने नासलं. कुणी म्हणे, नासकं पोट होतं, म्हणून मटण नासलं. वाडीत खड्डा खणला, चुना टाकला, मटण नीट पुरलं. खालपर्यंत, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले." त्यांनी माझ्या हातावरचा पदर घट्ट केला. "मटणाला खड्डा मिळाला. माझं मोरीतून वाहून गेलं."

मी दुसऱ्या हाताने त्यांच्या बोटावरची ओली पट्टी दाबून धरली.

"म्हणून ठरवलं होतं, या घरात पोटुशी बाई त्या पाण्याजवळ जाणार नाही. मटणासाठी नाही गं. काही बरंवाईट झालं तर कुणी तिच्या हाताकडे बोट दाखवू नये म्हणून."

आणि आज जाकिनकाकीने बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. आत नेईपर्यंत माझी चप्पल हातात धरून बसल्या होत्या. परत आणलं तेव्हा वाटेत कुणी विचारलं तर सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "बाळ गेलं आमचं." 'आमचं' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि आजही कुणी सहज उच्चारला तरी मला तो रस्ता आठवतो.

पण गावाला गोष्ट नीट पोचली नव्हती. चर्चच्या पायऱ्यांवर, पाववाल्याच्या दुकानात उलटी पोचली होती. हात घातला आणि बाळ गेलं. सासू नको नको म्हणत होती. हल्लीच्या मुली ऐकत नाहीत. अन्सेल्म आला, त्याच्याही कानावर कुणीतरी घातलं. रात्री तो माझा तोच हात उशाशी घेऊन झोपायचा. आई सगळं ऐकून घेत होत्या. एकालाही त्यांनी तारीखवार सांगत बसून पटवलं नाही. मला राग आला होता त्याचा.

मटण त्यांनी फेकून दिलं नाही. वेळ झाल्यावर काढलं, वास घेतला, बोटांनी दाबून पाहिलं. मिठाचं पाणी ओतून दिलं. रात्रभर गोड्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवलं, पाणी बदललं, शिजवलं. त्या ते सगळं माझ्याकडून करून घेत होत्या आणि मला नाही म्हणायची ताकद नव्हती.

नाताळच्या दुपारी नेहमीसारखी जाकिनकाकी आली. नवरा, दोन मुलगे, सुना, सगळे. टेबलावर फुगे होते, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आणि मधोमध थंड कापांची बशी. फिकट गुलाबी, कडेला चरबीची पांढरी रेघ. कुणीच आधी हात घालेना. काकीच्या धाकट्या सुनेने भाकरी घेतली आणि भाजीकडे वळली.

आईंनी पहिला काप उचलून काकीच्या ताटात टाकला.

"खा, जाकिन."

"घेते गं, घेते सावकाश."

"आत्ता खा."

काकीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिने तुकडा तोंडात घातला आणि चावला.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय."

"नासलंय का?"

"छे गं. लोण्यासारखं..." तिला बोलता बोलता कळलं आणि ती थांबली.

"हिचा हात होता त्यात," आई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "कोपरापर्यंत होता. तू बघितलास, सगळ्या गावाला सांगितलंस. आता हेही सांग. आणि लोकांना म्हणावं, मातीलच्या वेळी पाणी कोमट ओतलं होतं. हाताचं काही नव्हतं. तेव्हा नव्हतं आणि आत्ताही नाही."

जाकिनकाकी बराच वेळ तो घास तोंडात धरून बसली. मग गिळला. तिचे डोळे भरले होते, मिरी लागल्यामुळे असेल किंवा कशामुळे.

"मी नवरी होते गं मातील तेव्हा," ती म्हणाली. "मी मांडवात बसून डाळभातावर रडले होते."

"माहीत आहे."

"तुझ्याकडे नाही बघितलं मी."

"तेही माहीत आहे."

काकीने ताट पुढे सरकवलं. "अजून एक वाढ." मग सुनेला म्हणाली, "तू पण घे. बघतेस काय?" ताटं पुढे आली. बशी रिकामी व्हायला वेळ लागला नाही, आणि अन्सेल्म म्हणाला, आत अजून आहे ना, घेऊन ये.

मी स्वयंपाकघरात गेले. आई माझ्या आधीच तिथे आल्या होत्या. सुरी हातात होती, तुकडा पाटावर होता, पण त्या कापत नव्हत्या. फ्रिजच्या दाराला कपाळ टेकून उभ्या होत्या. खांदे हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"कळलं होतं का गं तुला?" त्यांनी तसंच विचारलं. "मुलगा की मुलगी?"

"नाही आई. इतक्यात कळत नाही. आणि कुणी सांगतही नाही."

"मलाही नाही कळलं. विचारायचं कुणाला? मी आपली मुलगी धरली. इतकी वर्षं मुलगीच धरून चालले आहे."

"नाव ठेवलंत?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. "तू?"

मीही मानेने हो म्हटलं. बाहेरून काकीने हाक मारली, मटण आणताय की आम्हीच आत येऊ? आईंनी डोळे पुसले आणि सुरी माझ्याकडे दिली. मी काप काढायला लागले, त्या बशीत रचायला लागल्या. त्यांनी ठेवलेलं नाव मला सांगितलं नाही, आणि मी ठेवलेलं त्यांना सांगितलं नाही.